जुनी गाडी गेली, आता लीजवर की विकत? सोलापुरात नव्याने आलेल्यांसाठी

मागच्या गळीत हंगामात मोहोळच्या अलीकडे, रात्री साडेनऊच्या सुमारास, माझी गाडी उसाच्या ट्रॉलीवर मागून आदळली. ट्रॉलीला मागे दिवा नव्हता, रिफ्लेक्टरही नव्हता. आम्ही खरचटण्यावर निभावलो, गाडी मात्र गेली. पुढच्या आठ दिवसांत मी एका लीजच्या करारावर सही करायच्या बेतात होतो. महिना बावीस हजार, विमा त्यांचा, सर्व्हिसिंग त्यांचं, डाउन पेमेंट नाही. आदल्या रात्री बायकोने कागद वाचताना सहज विचारलं, "वर्षाला किती किलोमीटर चालवायला देतायत?" मला सांगता आलं नाही. कराराच्या अकराव्या पानावर ते लिहिलेलं होतं.

तेव्हापासून मला एक गोष्ट पक्की कळली आहे. लीजवर तुम्ही गाडी घेत नाही, ठरावीक महिने आणि ठरावीक किलोमीटर घेता. हे दोन आकडे माहीत नसताना लीज स्वस्त की महाग, हा प्रश्नच विचारता येत नाही. बदली होऊन, लग्न होऊन किंवा धंद्यासाठी सोलापुरात नव्याने आलेल्यांची गाडी गेली किंवा बदलायला आली, तर त्यांनी कुठून सुरुवात करावी, ते पुढे क्रमाने लिहिलं आहे.

पहिली पायरी: जुन्या गाडीचा हिशेब मिटवा

नवीन गाडीचं कोटेशन हातात घ्यायच्या आधी हे काम करा. जुनी गाडी अर्धवट सोडून नवीनमागे धावलं की दोन्हीकडे पैसे अडकतात.

अपघातात गाडी गेली असेल, तर दुरुस्तीचा खर्च आयडीव्हीच्या, म्हणजे विम्याच्या कागदावर धरलेल्या गाडीच्या किमतीच्या, ७५ टक्क्यांच्या वर गेल्यावर विमा कंपनी ती टोटल लॉस, म्हणजे पूर्ण गेलेली, धरते. त्यातून येणारी रक्कम तुम्हाला वाटते त्यापेक्षा कमी असते, कारण आयडीव्ही दरवर्षी उतरत जाते. दोन ते तीन वर्षांच्या गाडीला ३० टक्के घसारा, चार ते पाच वर्षांच्या गाडीला ५० टक्के. गाडीवर कर्ज असेल तर त्या रकमेतून आधी बँकेचं देणं जातं आणि उरलेलं तुमच्या हातात येतं. भंगार झालेली गाडी कोणी उचलून नेली, म्हणून विषय संपला असं समजू नका. आरसी रद्द झाल्याचा किंवा दुसऱ्याच्या नावावर गेल्याचा कागद मिळेपर्यंत पाठपुरावा करा.

गाडी विकत असाल तर नाव बदलायच्या फॉर्म २९ आणि ३० वर सह्या करून, गाडी देऊन, पैसे घेऊन मोकळं होणं ही सगळ्यात मोठी चूक. आरटीओत ज्याचं नाव आहे तोच मालक, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार या खटल्यात स्पष्ट केलं आहे. गाडी हातोहात चार जणांकडे गेली तरी नाव तुमचं असेल तर अपघाताच्या भरपाईची नोटीस तुमच्याच दारात येते. आरसीवर बँकेचा बोजा असेल तर बँकेची एनओसी आणि फॉर्म ३५ देऊन तो आधी उतरवा. गाडी १ एप्रिल २०१९ च्या आधीची असेल तर एचएसआरपी नंबरप्लेट बसवून घ्या. ती नसली की आरटीओतलं काम अडतं.

इथेच एक कागद आठवणीने मागा, तो बहुतेक जण विसरतात. वर्षानुवर्षं क्लेम घेतला नसेल तर तुमचा नो क्लेम बोनस (एनसीबी), म्हणजे विम्याच्या हप्त्यातली सूट, पाच वर्षांत ५० टक्क्यांपर्यंत चढलेला असतो. हा बोनस गाडीचा नसून तुमचा असतो. जुनी गाडी क्लेम न घेता विकलीत तर विमा कंपनीकडून एनसीबीचं पत्र घ्या. नव्या गाडीच्या विम्यात ते चालतं, पण तीन वर्षांच्या आत वापरावं लागतं. तुम्ही लीज घेतली आणि विमा लीज कंपनीच्या नावावर निघाला, तर तुमचा बोनस तिथे उपयोगी पडत नाही. लीज चार वर्षांची असेल तर तोवर पत्राची मुदतही संपते. मी टोटल लॉसचा क्लेम घेतला, त्यामुळे माझा बोनस तसाही गेला होता. तुमचा शिल्लक असेल तर त्याची किंमत हिशेबात धरा.

दुसरी पायरी: वर्षाचे किलोमीटर कागदावर मांडा

सोलापूर फसवं आहे. गाव आटोपशीर, जुळे सोलापुरातून सात रस्त्याला यायला काही वेळ लागत नाही. नवीन माणसाला वाटतं, आपली गाडी फिरणार कितीशी? पण इथली गाडी गावात फिरत नाही, ती गावाबाहेर फिरते. पाहुणे आले की तुळजापूर आणि अक्कलकोट ठरलेलं. दोन्हीकडे जाऊन-येऊन ८० ते ९० किलोमीटर. पंढरपूर जाऊन-येऊन दीडशे. मूल पुण्याला शिकत असेल किंवा मोठ्या दवाखान्याचं काम असेल तर पाचशे.

मी आमच्या घराचा हिशेब एका वहीच्या पानावर मांडला, तो असा आला. रोजचं ऑफिस आणि बाजार मिळून १४ किलोमीटर, वर्षाचे ३०० दिवस, म्हणजे ४,२००. पुण्याच्या १२ फेऱ्या, ६,०००. महिन्यातून एकदा तुळजापूर किंवा अक्कलकोट, १,०८०. पंढरपूर चार वेळा, ६००. सासुरवाडी बार्शीची, पंधरा दिवसांतून एकदा जाणं, १४० च्या २४ फेऱ्या, ३,३६०. बेरीज १५,२४०. करारात मर्यादा होती १२,००० ची. वरच्या प्रत्येक किलोमीटरला ८ रुपये. म्हणजे ३,२४० किलोमीटरचे वर्षाला २५,९२० रुपये जास्तीचे, आणि हे कोटेशनच्या पहिल्या पानावर कुठेच नव्हतं.

यातले कुठले किलोमीटर कमी होतात तेही बघा. पुण्याला एकट्याने जायचं असेल तर सकाळची हुतात्मा एक्सप्रेस आहे, आणि फेब्रुवारी २०२३ पासून मुंबईपर्यंत जाणारी वंदे भारतही आहे. आमच्या बारा फेऱ्यांपैकी सहा रेल्वेवर गेल्या तरी ३,००० किलोमीटर वाचतात. मग १२,००० ची मर्यादा जवळपास पुरते. त्यामुळे हा हिशेब एकदा सवयीप्रमाणे आणि एकदा रेल्वे धरून, असा दोनदा करा.

अंदाज जमत नसेल तर जुन्या गाडीच्या सर्व्हिसिंगची बिलं काढा. प्रत्येक बिलावर किलोमीटर लिहिलेले असतात. दोन वर्षांपूर्वीचं आणि शेवटचं बिल शेजारी ठेवलं की उत्तर मिळतं. फक्त ते किलोमीटर आधीच्या गावातले आहेत, हे विसरू नका.

तिसरी पायरी: सोलापुरात किती दिवस?

हे खरं तर एका वाक्याचं काम आहे, पण लोक स्वतःशी खरं बोलत नाहीत. तीन वर्षांत बदली होणारच असेल तर ती लिहा. घर बांधायला काढलं असेल, मुलांच्या शाळा इथेच असतील, तर दहा वर्षं लिहा. "बघू पुढे" हे उत्तर लीजसाठी सगळ्यात महाग पडतं, कारण मुदतीआधी गाडी परत केली की करार मोडल्याचे काही महिन्यांचं भाडं होईल इतके पैसे भरावे लागू शकतात. नोकरी बदलायचा विचार असेल आणि लीज तुम्ही नोकरी करता त्या कंपनीमार्फत, पगारातून कापून जाणारी असेल, तर जास्तच जपा. नोकरी सोडताना ती लीज तुमच्या गळ्यात येते.

चौथी पायरी: एकाच मुदतीचा हिशेब शेजारी शेजारी

लोक हप्ता आणि लीजचं भाडं यांची तुलना करतात. ती चुकीची आहे. हप्त्यात विमा नसतो, टायर नसतात, आणि शेवटी हातात गाडी उरते. भाड्यात विमा आणि सर्व्हिसिंग असतं, पण शेवटी हातात काही उरत नाही. म्हणून मुदत एकच धरा आणि सगळं त्यात टाका. खालचे आकडे मी नमुन्यासाठी धरले आहेत. तुमच्या कोटेशनचे आकडे त्यांच्या जागी घाला.

गाडी ऑन रोड साडेनऊ लाखांची. डाउन पेमेंट २,५०,०००, कर्ज ७ लाख, व्याज ९ टक्के, मुदत ५ वर्षं. हप्ता येतो १४,५३१. साठ हप्त्यांचे झाले ८,७१,८६०. दुसऱ्या ते पाचव्या वर्षाचा विमा ८०,०००. सर्व्हिसिंग, एक टायरचा सेट आणि एक बॅटरी मिळून ८०,०००. बॅटरी धराच, सोलापूरचा मे महिना चाळिशी सहज ओलांडतो आणि बॅटरीचं आयुष्य खातो. डाउन पेमेंटचे अडीच लाख मुदत ठेवीत साडेसहा टक्क्यांनी राहिले असते तर पाच वर्षांत सुमारे ९२,००० व्याज आलं असतं, तेही खर्चात घाला. सगळं मिळून १३,७३,८६०. पाच वर्षांनी गाडी साडेचार लाखांना गेली तर निव्वळ खर्च ९,२३,८६०. महिन्याला सुमारे १५,४००.

त्याच गाडीची लीज, जीएसटीसह २२,००० धरली, तर पाच वर्षांचे १३,२०,०००. म्हणजे विकत घेण्यापेक्षा जवळपास चार लाख जास्त. मर्यादेबाहेरचे किलोमीटर आमच्याइतके झाले तर आणखी १,२९,६००.

आता हेच दोन वर्षांसाठी करा. गाडी घेऊन दोन वर्षांनी विकायची, तर २४ हप्ते भरून कर्जाचे सुमारे ४,५७,००० शिल्लक राहतात, ते एकदम फेडायचे. कर्ज लवकर बंद करण्याचा आकार, दुसऱ्या वर्षाचा विमा, सर्व्हिसिंग आणि अडकलेल्या पैशांचं व्याज मिळून आणखी ८३,५०० धरले आणि गाडी ६,८०,००० ला गेली, तर महिन्याला सुमारे १९,१०० पडतात. दोन वर्षांची लीज २४,००० ला मिळाली तर फरक उरतो ४,९०० चा. बदलीची ऑर्डर हातात घेऊन घाईत गाडी विकणाऱ्याला पन्नास-साठ हजार कमी मिळणं नवीन नाही. ते धरलं तर फरक आणखी खाली येतो. अशा माणसाने थोडे जास्त पैसे देऊन डोक्याचा ताप वाचवला, तर मी त्याला चूक म्हणणार नाही.

माझं मत सांगतो. सोलापुरात चार वर्षं किंवा जास्त राहणार असाल तर विकत घ्या. तीन वर्षांच्या आत जाणार असाल आणि किलोमीटर मर्यादेत बसत असतील, तरच लीजचा विचार करा. "भाड्याची गाडी घेतली तर पाहुणे काय म्हणतील" हे कारण मात्र मनातून काढून टाका. त्याच पाहुण्यांना तुम्ही तुळजापूरला घेऊन जाता, तेव्हा आरसीवर कोणाचं नाव आहे ते कोणी विचारत नाही.

पाचवी पायरी: लीजवाल्याला विचारायचे प्रश्न

पहिला प्रश्न, सोलापूरच्या पिनकोडवर गाडी देता का? बऱ्याच योजना मोठ्या शहरांपुरत्या असतात आणि फोनवरचा माणूस पुण्यात बसून "हो, मिळेल" म्हणतो. ते ईमेलवर लिहून मागा. गाडी बिघडली तर सोलापुरातल्या कोणत्या वर्कशॉपला न्यायची, आणि बदली गाडी देणार असाल तर ती कुठून आणि किती तासांत येणार, हेही लेखी घ्या. पुण्याहून बदली गाडी येणार असेल तर निदान अर्धा दिवस गेला.

दुसरा, पासिंग कुठलं आणि कोणाच्या नावावर? महाराष्ट्रात वैयक्तिक नावावरच्या १० लाखांपर्यंतच्या पेट्रोल गाडीला एकरकमी रोड टॅक्स ११ टक्के, डिझेलला १३ टक्के. कंपनीच्या नावावर गाडी असेल तर २० टक्के. आठ लाखांच्या पेट्रोल गाडीवर हा फरक ७२,००० चा होतो, आणि तो शेवटी तुमच्या भाड्यातच बसतो, पाच वर्षांत महिन्याला १,२०० रुपये. काही ठिकाणी गाडी तुमच्या नावावर पास होते आणि आरसीवर लीज कंपनीची नोंद असते. काळ्या पाटीवर पिवळे आकडे असतील तर ती भाड्याने द्यायची गाडी म्हणून नोंदलेली आहे. परराज्यातलं पासिंग असेल तर नकोच म्हणा. बारा महिन्यांपेक्षा जास्त गाडी इथे राहिली की पुन्हा नोंदणी आणि इथला टॅक्स आला, आणि तो कोण भरणार यावर वाद होतो.

बाकीचे प्रश्न झटपट विचारून घ्या. विमा झिरो डेप, म्हणजे क्लेममध्ये सुट्या भागांचा घसारा न कापणारा, आहे का, आणि अपघातात तुमच्या खिशातून किती जाणार. टायर धरले आहेत का. डिपॉझिट किती, परत कधी. ई-चलन आलं तर त्यावर कंपनी वेगळा आकार लावते का. कराराबाहेरच्या किलोमीटरचा हिशेब दरवर्षी होतो की शेवटी एकदम. शेवटी एकदम होत असेल तर ते तुमच्या फायद्याचं, कमी फिरलेलं वर्ष जास्त फिरलेल्या वर्षाला सांभाळून घेतं.

कागद दोन्हीकडे सारखेच लागतात: पॅन, आधार, लायसन्स, सहा महिन्यांचं बँक स्टेटमेंट, पगाराच्या स्लिपा किंवा दोन वर्षांची आयकर विवरणपत्रं. नवीन आलेल्यांचं अडतं ते पत्त्यावर. घरमालकाशी भाडेकरार नोंदणीकृत करून घ्या, नोटरीच्या कागदावर काम भागेलच असं नाही.

सहावी पायरी: विकत घेणार असाल तर

२२ सप्टेंबर २०२५ पासून चार मीटरच्या आतल्या, १,२०० सीसीपर्यंतच्या पेट्रोल आणि १,५०० सीसीपर्यंतच्या डिझेल गाड्यांवर १८ टक्के जीएसटी आहे, इलेक्ट्रिकवर ५ टक्के, बाकी मोठ्या गाड्यांवर ४० टक्के. त्याआधीच्या किमती कोणी सांगितल्या तर त्या धरू नका. गाडी दहा लाखांच्या वर गेली तर १ टक्का टीसीएस, म्हणजे विक्रेत्याने आगाऊ घेतलेला आयकर, कापला जातो. तो आयकर विवरणपत्रात वळता करून घेता येतो, पावती जपून ठेवा.

कोटेशनमध्ये विमा शोरूमचाच घ्यायची सक्ती नसते. तीन वर्षांचा थर्ड पार्टी विमा नव्या गाडीला बंधनकारक आहे, बाकीचा भाग बाहेरून विचारून बघा. आमचा एका फोनवर अकरा हजारांनी उतरला. पाडव्याला किंवा दसऱ्याला डिलिव्हरी हवी असेल तर बोलणी महिनाभर आधी पूर्ण करा. मुहूर्ताच्या आठवड्यात शोरूममध्ये कोणाला सूट द्यायची गरज नसते. डिसेंबरमध्ये सूट मोठी असते, पण जानेवारीत पासिंग होऊनही आरसीवर उत्पादनाचं वर्ष मागचंच छापून येतं आणि विकताना ते बघितलं जातं.

जुनी गाडी घेत असाल तर, आपल्याकडे सीमा जवळ असल्यामुळे, केए २८ किंवा केए ३२ पासिंगच्या गाड्या स्वस्तात दाखवल्या जातात. विजयपूर, कलबुर्गीच्या त्या. गाडी चांगली असेलही, पण तिकडच्या आरटीओची फॉर्म २८ वरची एनओसी, इथला टॅक्स, नव्याने नोंदणी आणि तिकडच्या टॅक्सच्या परताव्यासाठी हेलपाटे, एवढं धरून किंमत करा. तीन वर्षांची, एका हाताची, सोलापूरच्याच एमएच १३ पासिंगची, सर्व्हिसिंगची बिलं असलेली गाडी मिळाली तर मला तो सगळ्यात शहाणपणाचा सौदा वाटतो. पहिल्या तीन वर्षांचा घसारा दुसऱ्याने सोसलेला असतो. मी शेवटी तेच केलं.

धंदा किंवा प्रॅक्टिस असणाऱ्यांना एक गोष्ट. लीजचं भाडं धंद्याच्या वापरापुरतं खर्चात टाकता येतं. विकत घेतली तर १५ टक्के घसारा आणि कर्जाचं व्याज. जीएसटीचं क्रेडिट मात्र, तुमचा व्यवसाय गाड्या विकण्याचा किंवा प्रवासी वाहतुकीचा वगैरे नसेल, तर १३ आसनांपर्यंतच्या गाडीवर दोन्हीकडे मिळत नाही. "लीजवर जीएसटी परत मिळतो" असं कोणी सांगितलं तर आपल्या सीएला फोन लावा. पगारदारांना विकत घेतलेल्या गाडीवर अशी वजावट नसते. कंपनीची लीज योजना असेल तर ऑफिसच्या पगार विभागाकडून, तुमच्या कर-पद्धतीत हातात किती वाचेल तो आकडा लिहून घ्या.

शेवटची पायरी: डिलिव्हरीच्या दिवशी

माझ्या चुलत भावाने तीन वर्षांची लीज संपवून गाडी परत दिली, तेव्हा मी सोबत होतो. कंपनीचा माणूस टॉर्च आणि छोटी फूटपट्टी घेऊन आला होता. मागच्या डाव्या दारावरचा ओरखडा त्याने मोजला, डिकीच्या आतलं प्लास्टिक बोटाने दाबून पाहिलं, स्टेपनी फिरवून पाहिली. दारावरचा ओरखडा पहिल्या दिवसापासून होता, असं भाऊ शपथेवर सांगत होता. पण फोटो नव्हता. नऊ हजार डिपॉझिटमधून गेले.

म्हणून गाडी लीजची असो की स्वतःची, ताब्यात घेताना दिवसाच्या उजेडात चारी बाजूंचे, छताचे, चाकांचे, सीटचे आणि मीटरचे फोटो काढा आणि तिथेच उभं राहून समोरच्याला ईमेल करा. मग खुशाल सिद्धेश्वराला किंवा रूपाभवानीला न्या, नारळ वाढवा, चाकाखाली लिंबू ठेवा. बॉनेटवर कुंकवाचं स्वस्तिक काढलंत तर त्याच संध्याकाळी ओल्या मऊ फडक्याने पुसून घ्या. तेलात कालवलेलं कुंकू आपल्या उन्हात दोन दिवस राहिलं की रंगावर डाग धरतं, आणि टॉर्चवाला माणूस तोही मोजतो.